संशोधन कार्यशाळा: सही केली, जेवलो, घरी आलो

दुधनाकाठ
परवा आमच्याकडे 'संशोधन साहाय्य परिचय कार्यशाळा' झाली. एक दिवसाची. प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी एकाच हॉलमध्ये. पत्रिकेवर साडेदहा, दिवा पेटला सव्वाअकराला. मग स्वागतगीत, शाली, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (त्यात त्यांचे शोधनिबंध मोजून दाखवले, सत्तावीस). अध्यक्षीय समारोपही सकाळीच उरकला, कारण अध्यक्षांना दुसरीकडे जायचं होतं. समारोप झाल्यावर कार्यशाळा सुरू झाली.

पुढच्या दीड तासात शोधगंगा (प्रबंधांचा ऑनलाइन साठा), झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर), साहित्यचोरीची तपासणी, ऑर्किड आयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक), 'चांगलं जर्नल कसं ओळखावं', सगळं. सत्तर माणसं आणि एक वायफाय. "आता इथं बटण दाबलं की संदर्भ आपोआप येतो," असं म्हणून सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर ते गोल चक्कर फिरत राहिलं. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. मग पुरी-भाजी, जिलेबी. जेवणानंतर बाहेरगावचे निम्मे एसटी पकडायला गेले. चारला प्रमाणपत्र.

माझा विषय निजामकाळातल्या जमीन-इनामांचा. कागद हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात. उर्दूतले पुष्कळ, १८८४ च्या आधी दरबारी कारभारच फारसीत, गावपातळीवरचे मोडीत. दिवसभरात मला एकानंही विचारलं नाही की बाबा, तुझा विषय काय, तू अडलास कुठं. दरवर्षी 'परिचय'च होतो. परिचय झालेल्या माणसानं पुढं जायचं कुठं?

माझं मत: हे हॉलमधले सोहळे बंद करा. त्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस ग्रंथपालानं एकेका विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्याचं एक प्रकरण समोर घ्यावं. बोला.

कपाट क्र. ७
मी ग्रंथपाल आहे, तेव्हा बोलतोच. शेजारी बसवायला माझी खुर्ची रोज रिकामीच असते. गेल्या महिन्यात चार जण आले. तिघांना "प्लॅगचं सर्टिफिकेट", म्हणजे साहित्यचोरी नसल्याचा दाखला हवा होता, तोही उद्या. चौथा पत्ता चुकला होता.

तुम्ही ज्याला सोहळा म्हणता त्या दिवशी सत्तर जणांना पहिल्यांदा कळतं की ग्रंथालयात माणूस बसतो आणि त्याला काहीतरी येतं. बाजारच्या दिवशी दुकान मांडावं तसं आहे ते. माल त्याच दिवशी खपेल असं नाही, पण दुकान आहे हे तरी कळतं.

एक उदाहरण देतो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही शोधपत्रिका वाचायला देणारी सरकारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी. तरी आमच्या कॅम्पसवरचे लोक अजून पुण्याच्या मित्राला व्हॉट्सअॅप करतात, "पीडीएफ पाठव ना." सांगायचं कुठं मी हे? नोटीस बोर्डावर लावलं होतं. त्यावर दुसऱ्या दिवशी मेसची जाहिरात चिकटली.

चावडीवरचा
दुधनाकाठ, तुम्हाला कार्यशाळा कुणासाठी असते हेच कळलेलं नाही. ती नॅकसाठी, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी असते. निकष तीनमध्ये संशोधन पद्धतीवरच्या कार्यशाळांची संख्या मोजतात. संख्या. कोण काय शिकलं हा रकानाच नाही. म्हणून बॅनर मोठा, जिओटॅग फोटो पाच आणि हजेरीपट ओला होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. आणि तुम्ही निघालात इनामं सांगायला.

रानबोर
माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. आईवडील सहा महिने ऊसतोडीला, मी आजीजवळ. 'संदर्भ व्यवस्थापन' वगैरे शब्द मला कोण सांगणार होतं? पहिल्या वर्षी अशाच एका कार्यशाळेत झोटेरो पाहिलं. तिथंही नेट बंद पडलं होतं. पण नाव वहीत लिहून घेतलं आणि रात्री होस्टेलवर उघडून बसले. फुकट आहे, हे तर मला तिसऱ्या दिवशी पटलं.

माझे तेव्हा दोनशे बारा संदर्भ झाले होते, सगळे हातानं टाईप केलेले. ते एकेक करून आत भरायला आठ दिवस गेले. पुढं गाइडसरांनी सांगितलं, तळटीपा नकोत, लेखक-साल पद्धत करा. शेजारच्या खोलीतली मुलगी तेच करायला तीन आठवडे रडत होती. माझं दुपारच्या चहाआधी झालं. मराठी पुस्तकांच्या संदर्भात 'व इतर'च्या जागी ते रोमन लिपीतलं 'et al.' टाकतं, ते तेवढं हातानं बदलावं लागलं.

तेव्हा ती जिलेबीवाली कार्यशाळा बंद करा असं मी तरी म्हणणार नाही. माझी तक्रार एकच. प्राध्यापक आणि आम्ही एकत्र नको. पहिल्या रांगेत गाइडसर बसलेले असताना "डीओआय म्हणजे काय" (शोधनिबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक, हे नंतर कळलं) हे मी विचारू शकले नाही. नंतर पाण्याच्या फिल्टरपाशी एका शिपाईमामांना विचारलं. त्यांनी ग्रंथालयाकडं बोट दाखवलं.

निवृत्तीला_तीन_वर्षे
रानबोर, पहिल्या रांगेत बसतो तो मी. तुझाच गाइड असेन असं नाही, पण तसाच.

आता खरं सांगतो, इथं नाव नाही म्हणून. आम्ही पुढं बसतो ते ऐकू यावं म्हणून. माझी पीएच.डी. कार्डांवर झाली. पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद, रबर लावून बुटाच्या खोक्यात. एकदा घर गळलं आणि तिसरं प्रकरण वाहून गेलं. ते खोकं अजून माळ्यावर आहे, बायको टाकून द्या म्हणते. डीओआय मलाही माहीत नव्हता. मीही विचारला नाही, कारण मागं तुम्ही बसला होतात.

यूजीसीनं २०१९ च्या शेवटी 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा कोर्स पीएच.डी.ला सक्तीचा केला. विद्यार्थ्यांना. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांनी तो केलाय, मी केलेला नाही, आणि मार्गदर्शक मी. तुम्हाला वेगळं बसवलं तर तुम्ही शिकाल, आमच्या वेगळ्या हॉलमध्ये मात्र आम्ही सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर बोलू. म्हणून माझं मत एकत्रच बसवा. लाजायचं ते दोघांनी मिळून लाजू.

रानबोर
सर, तुमची लाज आणि आमची लाज एका मापाची नाही. तुम्ही लाजलात तर घरी जाल. आम्ही लाजलो की ते सहामाही प्रगती अहवालावर येतं.

निवृत्तीला_तीन_वर्षे
हे खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तासिकावाला
एकत्र का वेगळं, आमचा प्रश्न अजून बाहेरचाच. मी तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत. कार्यशाळा मंगळवारी ठेवली की माझे त्या दिवसाचे तास बुडतात, म्हणजे पैसे बुडतात. वर नोंदणी फी. आमचं कॉलेज संस्थेचं, तिथं एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं) आहे म्हणतात. पासवर्ड लायब्ररीच्या डायरीत आणि डायरी कपाटात. चावी विचारू नका.

गेटसमोर_डीटीपी
नमस्कार सर लोक. दोन दिवसांपासून तुमचं भांडण वाचायलोय. माझं दुकान विद्यापीठाच्या गेटसमोर. टायपिंग, बाइंडिंग, झेरॉक्स. मी बारावी नापास हाव, पण तुमच्या सगळ्यांचे थीसिस माझ्या हाताखालून गेलेत. म्हणून एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या कार्यशाळेत कुणी सांगत नाही. कामून ते माहीत नाही.

मराठी थीसिस पुष्कळ जण अजून जुन्या फॉन्टात टाईप करून मागतात. श्रीलिपी नाहीतर सुरेख. गाइडला तेच वळण आवडतं. आता त्या फॉन्टात आपल्याला कागदावर 'क' दिसतो, पण कंप्युटरच्या पोटात तो 'क' नसतोच. एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर खूण असते, वरून क चा अंगरखा घातलेला. प्रिंट एकदम झकास. पण तीच फाईल चोरी पकडायच्या सॉफ्टवेअरात टाकली की त्याला दिसतो नुसता कचरा. कचरा कुणाशीच जुळत नाही. एका साहेबांचा रिपोर्ट शून्य टक्के आला, ते मला पेढे घेऊन आले. मी खाल्ले. सांगितलं नाही.

युनिकोडात, म्हणजे जिथं पोटातही 'क' हा 'क'च असतो, त्यात बदलून द्या म्हटलं तर कन्व्हर्टर हाय माझ्याकडं. पण रफार आणि पहिली वेलांटी उड्या मारतात. 'कार्यशाळा'ची 'कायर्शाळा' होते, विद्यापीठातला 'वि' आधी वेलांटी, मग व. साडेतीनशे पानं हातानं दुरुस्त करावी लागतात. त्याचे पैसे वेगळे सांगितले की लोक म्हणतात, राहू द्या, प्रिंटच काढा.

कपाट क्र. ७
मी हा प्रतिसाद तीनदा वाचला. शोधगंगेवरच्या काही मराठी प्रबंधांत शोध चालत नाही हे माहीत होतं. स्कॅनिंग खराब असेल असं धरून चाललो होतो. २००९ पासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीच्या नियमात आहे. म्हणजे इतक्या वर्षांत आपण किती मराठी प्रबंध दिवसाढवळ्या पुरून ठेवले असतील.

निवृत्तीला_तीन_वर्षे
आत्ता बघून आलो. माझ्या हाताखाली झालेल्या एका प्रबंधाचं शीर्षकच 'लोकगीते' या शब्दानं सुरू होतं. आतल्या पीडीएफमध्ये 'लोकगीते' शोधलं. एकही सापडलं नाही. फॉन्टचा आग्रह माझाच होता.

चावडीवरचा
मग तर प्रश्नच मिटला. सगळ्यांनी जुन्याच फॉन्टात करा. शून्य टक्के, पेढे, पदवी. बोंबलायला कोण येतंय?

कपाट क्र. ७
येतात. चोरीची तक्रार पदवी मिळाल्यावरही होते, आणि ती माणूस वाचून करतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात मजकूर १० टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष थांबायचं, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पदवी आधीच मिळाली असेल तर तीसुद्धा स्थगित ठेवता येते. नियम मजकूर जुळण्याचा आहे, फॉन्टचा नाही. आज कचरा दिसणारी फाईल उद्या कुणी युनिकोडात आणली की उघडी पडणार. आणि ज्यानं प्रामाणिकपणे काम केलं त्याचं काय? त्याचा प्रबंध तर कुणालाच सापडत नाही. चोराचा फायदा आणि साधूचं नुकसान, एकाच फॉन्टात.

रानबोर
मधेच विचारते. माझ्या प्रबंधात अभंग आणि ओव्या खूप आहेत. युनिकोडात केलं तर ते सगळं चोरीत धरलं जाईल का? खोलीतल्या मुली म्हणतात, ओव्यांचे शब्द बदल. ओवीचे शब्द कसे बदलू?

कपाट क्र. ७
एक अक्षर बदलू नका! अवतरणचिन्हात, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर तपासणीतून वगळायचा असतो, तसंच संदर्भसूचीही. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगानं जुळणारंही सोडतात. मशीन टक्का दाखवेल, पण वगळण्याची खूण तिथं करावी लागते आणि ती करणारा माणूस ग्रंथालयात बसतो. पुन्हा सांगतो, खुर्ची रिकामी आहे.

दुधनाकाठ
धागा मी काढला म्हणून लिहितो. सोहळ्याबद्दलचं मत कायम आहे. पण 'बंद करा' हे मागे घेतो, रानबोर यांच्यामुळे. दोनशे बारा संदर्भ हातानं भरणाऱ्या माणसासमोर माझं वायफायचं रडगाणं फार मोठं नाही. मात्र बघा, या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट बारावी नापास माणसानं सांगितली, आणि आमच्या पत्रिकेवर पाच डॉक्टरेट होत्या.

उर्दूचं माझं तसंच राहिलं.

निवृत्तीला_तीन_वर्षे
राहिलेलं नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत, उर्दू माध्यमात शिकलेले, वय ऐंशीच्या पुढं. मुंतखब (इनामाचे निजामकाळातले दाखले) सरळ वाचतात, खासरा पत्रकं (जमिनीच्या जुन्या नोंदी) तर तोंडपाठ. २०२३ ला न्या. शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता, तेव्हा हेही दोन महिने तहसीलच्या फेऱ्या मारत होते. निरोप पाठवा, नंबर देतो. त्यांना फोन सकाळी आठच्या आत करायचा. नंतर ते शेतात जातात आणि फोन घरी ठेवतात.

तासिकावाला
त्या मास्तरांनाच बोलवा ना कार्यशाळेला. रविवारी. आम्हीही येऊ.

चावडीवरचा
शाल कोण देणार?

कपाट क्र. ७
डीटीपीवाले, विचारतो ते गंमत म्हणून घेऊ नका. येत्या शनिवारी दुपारी मी दोन प्रबंधांच्या फाईली घेऊन दुकानात आलो तर कन्व्हर्टर दाखवाल का? रफार कुठं उडतो ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. जमलं तर एक पान तयार करून पुढच्या कार्यशाळेत वाटतो. दीपप्रज्वलनाच्या वेळेत वाटून होईल.

गेटसमोर_डीटीपी
या की. शनिवारी दोननंतर गिऱ्हाईक कमी असतं. फाईल मूळ आणा, पीडीएफ नको, आणि फॉन्ट कोणता होता ते लिहून आणा. आणि सर, पेन ड्राइव्ह घरून स्कॅन करून आणा. तुमच्या कॅम्पसच्या पेन ड्राइव्हनं माझं मशीन यंदा दोनदा बसवलंय.