मदत हवी आहे: किडनीच्या मेड्युलाला (आतल्या भागाला) रक्त नेमकं कुठून मिळतं?

नमस्कार. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. किडनीचा रक्तपुरवठा शिकताना एका जागी अडले आहे. जाणकारांनी मदत करावी.

कळलेलं आधी लिहिते. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर महाधमनीतून दोन्ही बाजूंना रीनल आर्टरी निघतात. उजवी लांब असते आणि इन्फिरिअर व्हेना केव्हाच्या (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या) मागून जाते. हायलमपाशी (किडनीत रक्तवाहिन्या शिरतात त्या खाचेपाशी) रीनल आर्टरीच्या सेगमेंटल शाखा होतात, पुढे पिरॅमिडांच्या (मेड्युलाच्या शंकूसारख्या भागांच्या) मधून इंटरलोबर, मग कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेड्युलाच्या सीमेवर आर्क्युएट. तिथून इंटरलोब्युलर, अफेरंट आर्टेरिओल (रक्त आत नेणारी बारीक धमनी) आणि ग्लोमेरुलस (रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ).

पण इंटरलोब्युलर तर बाहेर, कॉर्टेक्सकडे जातात! मग आतल्या मेड्युलाचं काय? आकृतीत वासा रेक्टा (मेड्युलातल्या सरळ, बारीक रक्तवाहिन्या) खाली उतरताना दिसतात, त्या थेट आर्क्युएटमधून निघतात का? आणि ग्लोमेरुलसमधून बाहेर पडताना व्हेन न होता पुन्हा आर्टेरिओलच का होते? नुसतं पाठ करायचं नाहीये, कारण समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:
प्रश्न अगदी योग्य जागी पडलाय. वासा रेक्टा थेट आर्क्युएटमधून निघत नाहीत. मेड्युलाला लागून असलेल्या ग्लोमेरुलसच्या इफेरंट (रक्त बाहेर नेणाऱ्या) आर्टेरिओल खाली उतरतात, त्यांच्यापासून त्या तयार होतात. म्हणजे मेड्युलाला मिळणारं रक्त आधी ग्लोमेरुलसमधून जाऊन आलेलं असतं.

आता इफेरंट. ही वाट अरुंद राहते, म्हणून ग्लोमेरुलसमधला दाब इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त, सुमारे ५० ते ६० मिमी पारा टिकतो. त्या दाबावरच मिनिटाला साधारण १२५ मिली, दिवसाला १८० लिटर गाळलं जातं. तिथे व्हेन असती तर दाब टिकला नसता. इफेरंटच्या पुढे दाब पडतो, पाणी गाळून गेल्याने रक्तातली प्रथिनं दाट झालेली असतात, त्यामुळे पुढच्या केशवाहिन्या नलिकांमधलं पाणी सहज परत ओढून घेतात. एकापाठोपाठ दोन जाळी आहेत ती यासाठी.

मेड्युलाला किडनीच्या एकूण रक्तापैकी जेमतेम दहावा हिस्सा मिळतो, तोही संथ. प्रवाह जोरात असता तर तिथले साठलेले क्षार वाहून गेले असते आणि लघवी दाट करता आली नसती. पण त्यामुळे तिथे ऑक्सिजन कायम बेताचाच. रक्तदाब फार काळ घसरला तर मेड्युलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या नलिकांना इजा लवकर होते. वॉर्डात अशा रुग्णाची लघवी तासातासाला मोजायला सांगतील, तेव्हा हे उपयोगी पडेल.