सल्ला हवा: सीनाकाठच्या १५० पूरग्रस्त घरांसाठी दोन लाखांत काय न्यावं, काय नेऊ नये?

चाटीगल्ली_कट्टा
नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर दोन लाख दहा हजार जमलेत. एक ४०७ टेम्पो फुकट मिळतोय, डिझेल आपलं. मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या एका गावातली साधारण १५० घरं पाण्यात गेलीत. माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि एका मंगल कार्यालयात आहेत, जनावरं माळावर बांधलीत. पाणी कालपासून उतरतंय.
विचार असा आहे: प्रत्येक घराला महिन्याचा किराणा, एक सोलापुरी चादर, पाण्याचे बॉक्स आणि जुने चांगले कपडे. ठीक आहे का? जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

आडतलाइन
महिन्याचा किराणा डोक्यातून काढा. दोन लाखांत बसत नाही, आणि ठेवायला त्या लोकांकडे कोरडी जागाही नाही. दहा दिवसांचा धरा. माणशी दिवसाला २,१०० कॅलरी हा मदतकार्यातला जगभरचा हिशेब. पाच माणसं, दहा दिवस म्हणजे एक लाख पाच हजार कॅलरी. तो असा भरतो:

कणीक १० किलो, तांदूळ ८, तूरडाळ ३, तेल २ लिटर, साखर २, शेंगदाणे १, पोहे १. वर मीठ, हळद, तिखट, चहापूड, काड्यापेटी.

सगळं मिळून ३० किलोच्या आत. ठोक भावात सतराशे-अठराशेला पडेल. आता १५० ने गुणा, म्हणजे किराण्यातच पैसे संपून वर खिशातले घालावे लागतील हे दिसेल.

दोन गोष्टी चुकवू नका. एक, गहू-ज्वारी दाण्यात देऊ नका. वीज नाही तर गिरणी नाही, आणि पुरात बुडालेली गिरणी महिनाभर सुरू होत नाही. पीठच द्या. ज्वारीचं पीठ फार दिवस राहत नाही, कडवट होतं, म्हणून कणीक जास्त. दोन, ३० किलोचं एकच पोतं बांधू नका. चिखलातून ते बाईमाणसाला उचलत नाही. पंधरा-पंधराच्या दोन पिशव्या करा, आत प्लास्टिकची पिशवी आणि बाहेर विणलेलं पोतं. साखर आणि मीठ एकमेकांपासून लांब, दोन्ही पाणी ओढतात.

माढारोड
किराण्याआधी फोन करा ओ. सरपंच, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि शाळेचे मुख्याध्यापक, तिघांनाही वेगवेगळा. तिघांना एकच प्रश्न: आज रात्री तुमच्याकडं काय कमी आहे? उत्तरं जुळत नाहीत तोवर टेम्पो हलवू नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. अशा वेळी नदीच्या एका काठाला मदत साचते, दुसरा काठ कोरडा राहतो. महामार्गाला लागून असलेल्या गावात दिवसाला दहा गाड्या येतात. चार किलोमीटर आत, जिथं ओढ्यावरची फरशी वाहून गेलीय, तिथं एकही नाही. म्हणून गाव कोणत्या काठाला आहे हे आधी बघा आणि शेवटचे दोन किलोमीटर ट्रॅक्टर लागणार का ते विचारा. ट्रॉलीवर ताडपत्री टाकूनच माल चढवा.

शिधा सरकारकडूनही येतो. तो कधी पोचणार हे पुरवठा शाखेत किंवा तलाठ्याकडं कळतं. परवा येणार असेल तर तुमचे दोन लाख दुसरीकडं लावा.

कडकभाकरी
चूल पेटेपर्यंतचे दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आपल्याकडं याला तोड नाही. माणशी दिवसाला तीन भाकरी, दोन दिवसांच्या, ७५० माणसं (घरटी पाच धरून): साडेचार हजार. एवढी मागणी एकाच बचत गटावर टाकू नका, चार-पाच गटांत वाटा, नाहीतर घाईत अर्धवट भाजलेल्या भाकरी येतात आणि त्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मधोमध मोडून बघा, कट्कन आवाज आला पाहिजे.

पुराच्या हवेत उघडी भाकरी सादळते. दहा-दहाची थप्पी प्लास्टिकमध्ये बंद करून खोक्यात उभी लावा. आडवी रचली तर खालच्यांचा भुगा. चटणी कोरडी, बिनतेलाची.

कवळी लावणारी म्हातारी माणसं आणि लहान लेकरं ही भाकरी चावू शकत नाहीत. त्यांच्यासाठी कुस्करायला पातळ आमटी किंवा दूध तिथं आहे का बघा, नसेल तर मऊ खिचडी गावातच शिजवायची सोय करा. शिजवलेलं अन्न शहरातून नेऊ नका. बंद डब्यात गरम भरलेला मसालेभात चार तासांत आंबायला लागतो.

यंत्रमागी
चादरीबद्दल. सोलापूरकराला हे ऐकवणं जिवावर येतं, पण आत्ता चादर नको. सुती, जाड, एकदा भिजली की या हवेत दोन दिवस वाळत नाही. शाळेची फरशी ओली असते, म्हणून आधी खाली टाकायला प्लास्टिकची चटई, घरटी दोन, आणि पांघरायला हलकं पॉलिएस्टरचं ब्लँकेट, घरटी तीन. चादर घरं सुकल्यावर द्या, तेव्हा तिचं खरं मोल आहे. टॉवेल मात्र आजच न्या, माणशी एक. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किरकोळ दोषाचा माल वजनावर मिळतो, वाटपाला तो चांगला चालतो.

जुने कपडे पूर्ण बंद. निवडायला माणसं लागतात, शेवटी शाळेच्या व्हरांड्यात ओला ढीग पडतो आणि तो उचलायचं काम पूरग्रस्तांच्याच गळ्यात. नवे, आणि ठरावीक: बायकांना गाऊन (ब्लाऊजचं माप जुळत नाही, गाऊन कुणालाही होतो), साडी आणि परकर, आतले कपडे तीन मापांत, पुरुषांना लुंगी आणि बनियन.

चाटीगल्ली_कट्टा
चादर रद्द. घरून ओरडा बसणार, पण रद्द. पाण्याच्या बाटल्यांचं काय?

टीसीएल_मास्तर
बाटल्या पहिल्या दिवसापुरत्या. माणशी दिवसाला पिणं, स्वयंपाक, धुणं-आंघोळ धरून १५ लिटर लागतं. ७५० माणसांना सव्वाअकरा हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे तीन टँकर. हे बाटल्यांनी होत नाही. टँकर प्रशासन देतं, अडतं ते भांड्यांपाशी. हंडे-घागरी वाहून गेल्यात, टँकर आला तरी भरायचं कशात? घरटी झाकणाचे २० लिटरचे दोन कॅन आणि एक दांड्याचा डोया. यावर खर्च करा, डोळे झाकून.

गढूळ पाणी असेल तर क्रम असा: तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात. गोळ्या घेताना पाकिटावर बघा: काही १ लिटरसाठी असतात, काही २० लिटरसाठी. दोन्ही प्रकार एकाच गावात वाटू नका. घागरीत चुकीची गोळी पडली की पाणी उग्र लागतं आणि लोक गोळ्या फेकूनच देतात.

विहीर. आधी गाळ आणि पुराचं पाणी मोटरनं उपसा. मग मापं मीटरमध्ये घ्या: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५ = लिटर. सहा मीटर व्यास, पाच मीटर पाणी असेल तर १,४१,३०० लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची (३३ टक्के क्लोरीनची) टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण ३५० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. आधी थोड्या पाण्यात लगदा, मग पाऊण बादली पाणी, दहा मिनिटं स्थिर. खाली बसलेला चुना टाकून द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा आणि दोरीनं वरखाली, आडवीतिडवी हलवा. तासाभरानं ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते थेंब टाकून बघायचं. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा मात्रा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मेलेली असते, वास येतो पण काम करत नाही. आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या याच्याच. आणि हे सगळं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आणि आरोग्य सेवकाला सोबत घेऊनच.

औषधी_सातरस्ता
ओआरएसची पाकिटं घरटी चार, एक पाकीट एक लिटरला. पेल्यात अर्धं-अर्धं करून घोळू नका. अंगाचा साबण, कपड्याचा साबण. पायाला चिखल्या होतात, त्यासाठी बुरशीचं मलम आणि कोरडं फडकं. अँटिबायोटिक वाटू नका, ते डॉक्टरचं काम. चिखलात पायाला जखम झाली की धनुर्वाताचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात. ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) संशय धरून लगेच डॉक्टरकडं.

सॅनिटरी पॅड घरटी दोन पाकिटं आणि वापरलेले टाकायला जाड काळ्या पिशव्या. हे बाईच्याच हातानं, वेगळ्या खोलीत द्या.

बाळाची दूध पावडर आणि बाटली अजिबात नेऊ नका. बाटली उकळायला सोय नाही, जुलाब तिथूनच सुरू होतात. अंगावर पाजणाऱ्या आईला आडोसा आणि दोन घास जास्त, बस.

धारकरी
माळावरची जनावरं विसरलात की ओ. माणसाला दहा जण देतात, वैरण एखादाच.
मोठ्या जनावराला, हिरवं नसेल तर, दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण. ५० जनावरं धरली तर सात दिवस, सात किलो: २,४५० किलो. एवढी पेंढी एका टेम्पोत मावत नाही, वजनाआधी उंची संपते. पोत्यात दाबलेली कडबाकुट्टी किंवा बॅगेतला मुरघास (आंबवून टिकवलेला हिरवा चारा) घ्या. मुरघास पहिल्या दिवशी थोडाच. सवय नसलेल्या जनावराचं पोट बिघडतं. उपाशी जनावरापुढं पेंड किंवा धान्य भरभरून ओतू नका, आम्ल होऊन आडवं होतं. नुसत्या उसाच्या वाढ्यावर आठवडा काढला तर कॅल्शियम कमी पडतं, क्षार मिश्रण सोबत द्या. काळी पडलेली ओली वैरण फेका.

पाणी जनावरामागं ५० लिटर. वरच्या टँकरच्या हिशेबात हे आलेलं नाही.

डेअरीची गाडी येत नसली तरी धार काढायलाच हवी, नाहीतर कासेला दगडी (सूज) होते. दूध शाळेतल्या लेकरांना उकळून. घटसर्प आणि फऱ्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून, १९६२ वर फोन करून.

सातबारा
घर धुवायच्या आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली बाजू, भिजलेलं धान्य. तारीख आणि ठिकाण उमटणाऱ्या कॅमेऱ्यानं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत चिखलात बसून राहायची गरज नाही, फोटो काढा आणि साफ करा.

मेलेल्या जनावराचा कानातल्या बिल्ल्यासकट फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला, मगच पुरणं. वाहून गेलेल्यासाठी पंचांच्या सह्या. २०२२-२६ च्या आपत्ती निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,०००, कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० होते. राज्य सरकार वेळोवेळी वाढ करतं, म्हणून ताजा शासन निर्णय तलाठ्याकडून बघून घ्या.

तुमच्या टेम्पोत एक लॅपटॉप, छोटा प्रिंटर आणि बॅटरी न्या. भिजलेल्या आधारची प्रत, डिजिटल सातबारा, बँक पासबुकाचं पहिलं पान. यादीत नाव असूनही पैसे अडकतात ते बहुतेक आधार बँकेला न जोडल्यामुळं. भिजलेले मूळ कागद लॅमिनेट करू नका, ओल आत अडकून शाई पसरते. वर्तमानपत्रात ठेवून सावलीत वाळवा.

माढारोड
यादीवरून आठवलं. रेशनकार्डावर वाटप केलं तर सालगडी, वीटभट्टीवाले, पालावरची माणसं सुटतात, त्यांचं कार्ड दुसऱ्या तालुक्यातलं. आदल्या दिवशी दोघांनी शाळेत आणि वस्तीवर फिरून घरटी नंबराचं कूपन द्यावं. वाटप कूपनवर, गाडीवरून फेकून नाही. हार-फोटो-भाषण असेल तर चिखलात उभं राहणाऱ्यांना आधी विचारा.

चाटीगल्ली_कट्टा
फोन झाले. शिधा परवा येतोय, तिघांनीही तेच सांगितलं. म्हणून बदललेली यादी:
पहिली खेप उद्या पहाटे: साडेचार हजार कडक भाकरी, चटणी, ३०० कॅन, १५० डोया, तुरटी, गोळ्या (सगळ्या २० लिटरच्या), ३०० चटया, ४५० ब्लँकेट, टॉवेल, गाऊन, साडी-परकर, लुंगी, पॅड, साबण.
दुसरी खेप दोन दिवसांनी: वैरण, आणि चिखल काढायला फावडी, घमेली, गमबूट.
छतं उडालेल्या २० घरांना ताडपत्री द्यायची का?

आडतलाइन
द्या, पण १५ × २० फुटांच्या खालची नको, आणि कडेला रिंगा असलेलीच. काळ्या रानात ओल्या जमिनीत वीतभर खुंटी उपटून येते, दोन फुटी घ्या किंवा पोत्यात माती भरून त्याला बांधा. सुतळी कुजते, नायलॉन दोरी.

टीसीएल_मास्तर
गमबुटासोबत बॅटरी (टॉर्च) आणि लांब काठी. पाणी उतरलेल्या घरात भांड्यांच्या फळीवर आणि वळचणीला साप असतात. चावला तर १०८, बांधू-कापू नका, अवयव हलू न देता दवाखान्यात. आणि मीटर ओलं असेल तर वायरमन येऊन बघेपर्यंत मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही.

यंत्रमागी
परकर घेताय तर त्यात नाडी ओवून घ्या. ठोकात बिननाडीचे येतात.