वजन उतरत नाही, मग चालण्याचा उपयोग काय?

मृण्मयी:
माझे थोरले दीर अठ्ठेचाळीस वर्षांचे असून त्यांचे वजन ९६ किलो आहे. यकृतात चरबी साठल्याचे आणि रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आल्याचे कळल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज भरभर चालायला सांगितले. गेले काही महिने ते नेमाने चालत आहेत. पँट कमरेला सैल झाली, पण वजन जेमतेम किलोभर उतरले, म्हणून भाऊजी आता चालणे सोडून देण्याच्या विचारात आहेत. त्यांना काय सांगावे?

डॉक्टर_सांगलीकर:
कृपया त्यांना सोडू देऊ नका. पँट सैल होणे हीच महत्त्वाची खूण आहे. पोटाच्या पोकळीत यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकाराच्या दृष्टीने त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक घातक असते, आणि नियमित व्यायामाने ती वजन न उतरताही कमी होऊ शकते. कॅनडातील रॉबर्ट रॉस आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थूल पुरुषांच्या एका गटाला व्यायामात खर्च होणाऱ्या उष्मांकांइतके जादा अन्न देऊन त्यांचे वजन मुद्दाम स्थिर ठेवले होते. तरीही सुमारे तीन महिन्यांत त्यांच्या पोटातील चरबी घटली.

आपल्याकडचा दाखला चेन्नईचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना आहार व चालण्याचे मार्गदर्शन दिल्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे २००६ साली तिथल्या संशोधकांनी दाखवले, आणि त्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरलेले नव्हते. स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू नये. भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात. भाऊजींनी काट्याऐवजी टेप हाती घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

सुलभा_आहार:
डॉक्टरांचे म्हणणे मान्य आहे. मात्र ९६ किलो वजन तसेच राहू द्यावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात आणि अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण दीड-दोनशेच खर्च होतात, त्यामुळे परतताना एक वडापाव खाल्ला तरी तो खर्च भरून निघतो. वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटातच करावे लागते. जेवण कमी करताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम व जेवणात पुरेशी डाळ, उसळ, दही किंवा अंडी हवीत.

मृण्मयी:
दोघांचेही आभार. त्यांचे गुडघे दुखतात, हे सांगायचे राहिले. चालण्याऐवजी दुसरे काही चालेल का?

फिजिओ_नाशिक:
अवश्य चालेल. जागच्या जागी चालवायची सायकल किंवा पोहणे यांत गुडघ्यांवर शरीराचा भार कमी पडतो आणि हृदयाला व्यायाम तितकाच मिळतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ आले की गुडघेदुखीही बहुधा कमी होते. त्यासाठी उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठण्या-बसण्यापासून सुरुवात करावी, आणि दुखणे वाढले तर तिथेच थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. तो दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केला तरी मोजला जातो. मात्र चढावर छातीत दडपण येत असेल, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सुरू झाले, तर व्यायामामुळे साखर एकदम उतरू शकते, म्हणून मात्रेविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.