व्हर्साय: तह जाचक होता, की तहाला राखणदारच नव्हता?

हिशेबनीस (धागाकर्ता)

'व्हर्सायच्या तहातच दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती.' पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये जर्मनीशी झालेल्या तहाबद्दल शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं वाक्य, पाच मार्कांचं हमखास उत्तर. मला हल्ली ते पटेनासं झालंय.

आधी पैशाचं बघू. १९२१ साली जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली गेली. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण त्यातले ८२ अब्ज 'क' वर्गातल्या रोख्यांचे होते आणि ते कधी वसूल होतील असं खुद्द जेत्यांनाही वाटत नव्हतं. फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांची समजूत काढायला दाखवलेला आकडा तो. जर्मनीने प्रत्यक्षात भरले साधारण २० अब्ज, तेही बरेचसे अमेरिकेकडून कर्ज काढून. १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत उरलेलं जवळजवळ माफच झालं.

आता जर्मनी जिंकल्यावर कशी वागायची ते पाहा. १८७१ मध्ये फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँक आणि आल्सेस-लॉरेन. मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहात रशियाकडून पोलंड, युक्रेन, बाल्टिक प्रांत, म्हणजे लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा. व्हर्सायमध्ये जर्मनीची युरोपातली जमीन गेली १३ टक्के.

माझं म्हणणं एवढंच: तह कडक होता म्हणून बिघडलं नाही, तो राबवायला कोणी उरलं नाही म्हणून बिघडलं. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी ऱ्हाइनकाठचा प्रदेश जर्मनीपासून तोडायचा हट्ट सोडला तो ब्रिटन-अमेरिकेच्या संरक्षणाच्या हमीवर. अमेरिकन सिनेटने पाठ फिरवली आणि ब्रिटनची हमीही त्याबरोबर गळाली. १९३६ मध्ये हिटलरने तहाने सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातलं तेव्हा कोणी बोटही उचललं नाही.

रानवाटा

हिशेब चोख आहे, पण माणसं वहीखात्यावर जगत नाहीत हो.

शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ची. सागरी नाकेबंदी पूर्ण उठली जुलै १९१९ मध्ये. लढाई थांबल्यावरही आठ महिने तो फास गळ्याभोवती होता, अन्नधान्याला वाट मिळाली तीसुद्धा मार्चनंतर. ७ मे रोजी मसुदा हातात ठेवला आणि सांगितलं, तोंडी चर्चा नाही, काय ते लेखी द्या. जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्साऊ त्या दिवशी भाषणाला उभाच राहिला नाही, बसूनच बोलला. त्याचा उद्धटपणा म्हणा, पण त्याच्या देशाला त्यात काय दिसलं असेल? अमेरिकन अध्यक्ष विल्सनने मांडलेल्या शांततेच्या चौदा कलमांवर भरवसा ठेवून शस्त्रं खाली ठेवली होती त्यांनी. शेवटी सही करा नाहीतर सैन्य घुसवतो. याला तह म्हणत नाहीत.

हिशेबनीस

@रानवाटा, नाकेबंदीचं मान्य, ते निर्दयच होतं. पण 'भरवसा ठेवून शस्त्रं ठेवली' हे नको. सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस 'ताबडतोब शस्त्रसंधी मागा' म्हणून मुलकी सरकारच्या मागे लागला होता खुद्द जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ. पुढे हेच सेनानी म्हणाले, आम्ही हरलो नव्हतो, घरच्यांनी पाठीत सुरा खुपसला. शस्त्रसंधीवर सही केलेल्या एर्त्सबर्गरचा १९२१ मध्ये खून झाला. हा अपमान तहाने दिलेला कमी, घरी पोसलेला जास्त.

काजवा

तुम्ही दोघेही भांडा, पण एक आकडा मध्ये ठेवतो. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं पडली २.६ टक्के. तेव्हा तह नऊ वर्षांचा होता, अपमान तोच होता. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के. मध्ये काय झालं? मंदी, आणि ६० लाखांच्या घरात बेकार. उपाशी माणसाला कोणाच्या तरी नावाने बोटं मोडायची असतात, व्हर्साय आयतं सापडलं.

रानवाटा

आयतं सापडलं म्हणजे ते तिथे होतं ना! तेच तर म्हणतेय मी.

गडकोट

आपल्याकडचा पुरंदरचा तह आठवला. १६६५, तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. पाच वर्षांत महाराजांनी परत घ्यायला सुरुवात केली.
तह करावा तर समोरच्याला उठताच येऊ नये असा, नाहीतर करूच नये.

काजवा

@गडकोट, आलमगिराच्या बाजूने सल्ला देताय की काय? :)

मुक्काम_परदेश

धागाकर्त्यांचा 'राखणदार नव्हता' हा मुद्दा जर्मनीपुरता ठीक आहे. हंगेरीचं काय? तिथे राखणदार होता.

ट्रियानॉनचा तह, ४ जून १९२०. जुन्या राज्याची दोन-तृतीयांश जमीन गेली आणि ३० लाखांहून जास्त हंगेरियन भाषिक एका सहीने परदेशात गेले. चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया यांनी तर हंगेरीवर नजर ठेवायला खास आघाडीच केली होती. तरी काय झालं? जमीन परत मिळेल म्हणून हंगेरी हिटलरच्या दावणीला गेली. थोडी मिळालीही, १९३८ आणि १९४० मध्ये, आणि १९४७ ला सगळी परत गेली.

मी तीन वर्षं बुडापेस्टला नोकरीला होतो. शंभर वर्षं उलटून गेली तरी गाड्यांच्या मागच्या काचेवर जुन्या हंगेरीच्या नकाशाचे स्टिकर दिसतात. आपल्याकडे 'आई-बाबांचा आशीर्वाद' असतो ना, तितक्या सहज. २०१० पासून ४ जून हा सरकारी स्मरणदिन आहे.

चहाटळ

आणि तुर्कस्तान? १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांचे तर लचकेच तोडले होते. मुस्तफा कमालने मानला नाही, लढला, आणि १९२३ मध्ये लोझानला जेत्यांना पुन्हा टेबलावर बसवलं. गंमत बघा, पराभूतांपैकी ज्या एकाने तह फाडला, तोच पुढच्या महायुद्धात फेब्रुवारी १९४५ पर्यंत तटस्थ राहिला.

हिशेबनीस

@चहाटळ, लोझानची किंमतही सांगा की. त्यात ग्रीस-तुर्कस्तानमध्ये लोकांची सक्तीची अदलाबदल ठरली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन तुर्कस्तानातून आणि ४ लाखांच्या आसपास मुसलमान ग्रीसमधून, त्यातले कित्येक तर आधीच जीव मुठीत धरून पळालेले. फाळणी ऐकत वाढलेल्यांना यात 'गंमत' दिसू नये.

चहाटळ

शब्द चुकला. मागे घेतो.

जुनी_दैनंदिनी

अवांतर आहे, पण राहवत नाही. व्हर्सायवर भारताचीही सही आहे! बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि भारतमंत्री माँटेग्यू यांची. लोकमान्य टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लंडनलाच होते. काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं, सरकारने दाद दिली नाही. मग त्यांनी क्लेमांसोला पत्र लिहून स्वयंनिर्णयाचं तत्त्व हिंदुस्थानलाही लावा म्हणून मागणी केली. तिकडे पॅरिसला खल चालू असतानाच १३ एप्रिलला इकडे जालियनवाला बाग झाली. तेव्हा जर्मनीवर अन्याय झाला का, हा प्रश्न मला जरा लांबचा वाटतो.

रानवाटा

हे मात्र खरं.

हिशेबनीस

@मुक्काम_परदेश, हंगेरीपुरता माझा मुद्दा लंगडा पडतो, कबूल. जर्मनीपुरता नाही. १९४५ मध्ये जर्मनीची फाळणी झाली, सव्वा कोटीच्या आसपास जर्मनांना पूर्वेकडून हाकललं, व्हर्साय त्यापुढे फुलासारखं. पण या वेळी जेत्यांचं सैन्य तळ ठोकून राहिलं, आणि पश्चिमेला अमेरिकेच्या मार्शल मदत योजनेचे पैसेही आले.
एक विचारतो: तिथली साधी माणसं ट्रियानॉनबद्दल नेमकं काय बोलतात?

मुक्काम_परदेश

फार बोलत नाहीत. माझ्या घरमालकीणबाई १९४० ला कोशित्सेत जन्मल्या, आता ते स्लोव्हाकियात आहे. त्या मात्र नेहमी 'कॉश्शॉ' असं जुनं हंगेरियन नावच घ्यायच्या. वडिलांनी घर न बदलता तीनदा देश बदलला, हे अभिमानाने सांगायच्या.

हिशेबनीस

१९४०? म्हणजे त्यांच्या जन्मावेळी गाव हंगेरीत होतं ते १९३८ च्या व्हिएन्ना निवाड्यामुळे, जर्मनी-इटलीने दिलेल्या. तो विषय कधी निघाला का?

मुक्काम_परदेश

नाही. महिनाअखेरीला भाडं द्यायला गेलो की त्या बळेच बसवून सूप वाढायच्या. विचारायचं धाडस झालं नाही.