नोकरी सांभाळून पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि कलेचा इतिहास शिकता येईल का?

वैनगंगाकाठ (प्रश्नकर्ती)

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात एका लहान गावी राहते आणि गावच्या सेवा सहकारी संस्थेत लिपिक आहे. माझे वय ३९ वर्षे असून मराठी साहित्य हा विषय घेऊन मी बी. ए. केले, त्याला आता बरीच वर्षे झाली. घरी चार एकर धानाची शेती, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत.

आमच्या गावाच्या पश्चिमेला एक जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचा मातीचा उंचवटा, आहे. माझ्या लहानपणी लोक शेतात टाकण्यासाठी तिथली माती बैलगाडीने नेत असत, आणि माती कापली की काळी-तांबडी खापरे, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी एखादा मणी निघत असे. १९६९-७० मध्ये पवनीला उत्खनन होऊन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले, हे मला शाळेत कोणीच सांगितले नव्हते. मुलाच्या सहलीसोबत नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या वस्तुसंग्रहालयात, गेले, तेव्हा पवनीहून नेलेला महाक्षत्रप (ही राजपदवी) कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ, पाहिला आणि आपल्या तालुक्याचे नाव त्या पाटीवर वाचून मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

तेव्हापासून तीन प्रश्न मनात आहेत. त्या पांढरीवर कोण राहत होते, हा पहिला. आमच्या गावच्या सीमेवरील दगडाला आजही वर्षातून एकदा शेंदूर का लावतात आणि तो मान ठरावीक घराकडेच का असतो, हा दुसरा. आणि तो स्तंभ कोरणाऱ्याने दगडातून माणूस कसा उभा केला, हा तिसरा. पुस्तके चाळताना लक्षात आले की हे पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि कलेचा इतिहास असे तीन वेगळे विषय आहेत. नोकरी न सोडता विद्यापीठातून यांचे रीतसर शिक्षण घेता येईल का, सुरुवात कोणत्या विषयाने करावी आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या व्यक्तीला ते झेपेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शिळावर्तुळ

ताई, मी उमरेड भागातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना मी बिनपगारी रजा घेऊन प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयात नागपूर विद्यापीठातून एम. ए. केले. त्यामुळे आधी अडचण सांगतो. 'अर्धवेळ पदवी' अशी सोय आपल्याकडे या विषयांत सहसा नसते. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयासारख्या ठिकाणी, जे १८२३ मध्ये काम करणाऱ्या लोकांसाठीच सुरू झाले, संध्याकाळच्या वर्गांना बसून पदवी अधिक वर्षांत पुरी करता येते. आपल्याकडे मात्र एक तर नियमित प्रवेश घेऊन उपस्थिती भरावी लागते, नाही तर दूरस्थ शिक्षणाचा किंवा लहान प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा मार्ग धरावा लागतो. पवनीहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर आहे. रोजचे जाणे-येणे दोन वर्षे करणे, तेही नोकरी सांभाळून, शक्य नाही, असे मला स्पष्ट वाटते.

तरीही पुरातत्त्व शिकायचे तर विदर्भासारखी दुसरी शाळा नाही, हे मी मनापासून सांगतो. नागपूरच्या भोवताली जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड येथे शिळावर्तुळे आहेत. मोठमोठ्या गोट्यांची ती वर्तुळे म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आणि त्याहून जुन्या लोहयुगातील लोकांची दफनस्थाने होत. माहूरझरीला घोड्याच्या मुखावर घालायचे तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ही दोन ठिकाणे एकत्र ठेवून पाहिली, की मृताजवळ वस्तू पुरणारे लोक आणि लोखंड तयार करणारे कारागीर एकाच समाजात दिसू लागतात आणि मग दफनातील कुऱ्हाड ही नुसती कुऱ्हाड राहत नाही.

तुमचे तिन्ही प्रश्न याच मातीत पूर्वीही एकत्र विचारले गेले आहेत. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी नागपुरात राहून खडक आणि जीवाश्म गोळा करीत, गोंडांची गाणी आणि चालीरीती लिहून घेत, आणि शिळावर्तुळेही पाहत. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळचे त्यांचे काही निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत, पण भूगर्भ, माणूस आणि दगड यांच्याकडे एकाच वेळी पाहण्याची त्यांची सवय आजही घेण्यासारखी आहे.

आता पांढरीविषयी. कृपया खापरे, मणी, बांगड्या वेचून घरी आणू नका. वस्तू कोणत्या थरातून आली, तिच्या शेजारी काय होते, तिच्या वर आणि खाली कोणती माती होती, यावर तिचा अर्थ ठरतो. डब्यात ठेवलेले खापर सुंदर दिसते, पण त्याने सांगण्यासारखे बरेचसे जमिनीतच राहून गेलेले असते. परवान्याशिवाय खोदणे कायद्याला धरून नाही, आणि मूल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तुम्हाला करता येईल ते काम वेगळे आणि फार मोलाचे आहे. माती कापलेल्या बाजूची उभी कड पावसाळ्यानंतर स्वच्छ दिसते. तिच्यासमोर मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, मातीचे रंग कुठे बदलतात, राखेचा पट्टा कुठे आहे, हे वहीत तारखेसह काढून ठेवा आणि गट क्रमांकासह ती नोंद विद्यापीठाच्या विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला द्या. पवनीच्या उत्खननाचा प्रसिद्ध झालेला अहवाल मिळवून वाचा. त्यातील खापरांची रेखाचित्रे तुमच्या कडेतील खापरांशी ताडून पाहिली, तर पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास तिथेच होईल.

मेळघाटातून

मी धारणी तालुक्यात आरोग्यसेविका आहे. मी इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) मानवशास्त्रात एम. ए. केले, म्हणून त्या मार्गाविषयी लिहिते. हा अभ्यासक्रम किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतो. नोकरदार व्यक्तीने चार वर्षेच धरून चालावे, असे माझे मत आहे. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. तुमच्या संस्थेकडे धान खरेदी केंद्र असेल तर डिसेंबरमध्ये तुम्हाला श्वास घ्यायलाही सवड मिळणार नाही, तेव्हा जास्त विषय जूनला ठेवा. गुणांचा एक भाग घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना असतो, आणि ते वेळेवर न दिल्यास वर्ष वाया जाते.

माध्यमाविषयी विचारले आहे, तर मला मिळालेले साहित्य इंग्रजीत होते. मीही मराठी माध्यमातलीच. पहिले सहा महिने मी प्रत्येक पाठ वाचून झाला की त्याचा सारांश मराठीत लिहीत असे आणि पारिभाषिक शब्दांची वेगळी वही ठेवत असे. दुसऱ्या वर्षी त्या वहीची गरज पडली नाही.

शिळावर्तुळ सरांशी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. ताईंनी सुरुवात मानवशास्त्राने करावी, असे मला वाटते. उत्खननासाठी परवाना, चमू आणि पैसा लागतो, पण गावच्या सीमेवरील दगडाचा मान कोणत्या घराकडे आहे, तो मुलाकडे जातो की पुतण्याकडे, ते घर गाव सोडून गेले तर काय होते, हे विचारायला तुम्हाला कोणाचीच परवानगी लागत नाही, फक्त समोरच्याची संमती लागते. तुमच्या भागात मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची निवडण्याची ठिकाणे, चालतात. मिरचीचे मुकटे (देठ) तोडायला बसलेल्या बाया दिवसभरात जे बोलतात, त्यात नातेसंबंध, स्थलांतर, मजुरीचे हिशेब, देवादिकांच्या कथा, सगळे येते. तिथे बाहेरून आलेल्या संशोधकाला महिनाभर बसूनही जे कळणार नाही, ते तुम्हाला आठ दिवसांत कळेल. मात्र आपण तिथल्याच असल्यामुळे अनेक गोष्टी आपल्याला विचारण्यासारख्या वाटतच नाहीत, आणि ही अडचण बाहेरच्या माणसाला नसते. त्यासाठी मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता, की जे 'असेच असते' असे वाटेल, ते आधी लिहायचे.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती मला उशिरा उमगली. आमच्याकडे कोरकू कुटुंबे मृतांच्या स्मरणार्थ सागवानी लाकडाचे कोरीव फलक उभारतात, आणि गडचिरोलीत माडिया समाजात स्मरणशिळा उभ्या करण्याची प्रथा आहे. हे वाचले की शिळावर्तुळांशी त्याचा थेट धागा जोडण्याचा मोह होतो. तुलना जरूर करावी, पण आजचा माडिया माणूस हा लोहयुगातून उरलेला माणूस नव्हे. त्याच्या स्मरणशिळेलाही स्वतःचा इतिहास आहे, ती बदलत आली आहे, आणि ती कोणासाठी उभी केली हे सांगणारी माणसे आज हयात आहेत. त्यांना विचारल्याशिवाय अर्थ लावणे अन्यायाचे होईल.

मानवशास्त्रात हाडांचा आणि शरीराचाही अभ्यास असतो, हे लक्षात ठेवा. इरावती कर्वे यांचे नाव आपण नातेव्यवस्थेच्या अभ्यासासाठी घेतो, पण १९४० च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत त्या प्रत्यक्ष उत्खननात होत्या आणि तिथे मानवी सांगाडे मिळाले होते. तुम्ही वेगळे मानलेले दोन विषय तिथे एकाच खड्ड्यात भेटले.

रेघ

मी चामोर्शी तालुक्यात चित्रकला शिक्षक आहे. मार्कंडा येथील मंदिरसमूह आमच्या जवळच असल्याने कलेच्या इतिहासाची ओढ लागली. या विषयासाठी मी ताईंना एकच सुचवतो. शिल्पासमोर बसून पेन्सिलीने रेखाटन करा. छायाचित्र काढायला क्षणभर पुरतो आणि तेवढ्या वेळात डोळा काहीच पाहत नाही. चित्र वाईट आले तरी चालेल. हात कुठे अडतो, ते महत्त्वाचे आहे.

रामटेकच्या केवल नरसिंहाच्या मंदिरात मी असाच बसलो होतो. वाकाटक या विदर्भातील प्राचीन राजघराण्याच्या काळातली ती भव्य मूर्ती रेखाटताना माझ्या लक्षात आले की इथे हिरण्यकशिपू नाहीच. पोट फाडण्याचा प्रसंग नाही, हातांची गर्दी नाही. दोनच हात, एका हाती चक्र, आणि निवांत बसलेला देव. नंतरच्या काळातील उग्र नरसिंह पाहत मोठे झालेल्या मला हा फरक अनेक वेळा दर्शन घेऊनही दिसला नव्हता. तो दिसल्यावरच पुढचे प्रश्न सुचले: राजघराण्याने असा शांत, सामर्थ्यवान देव टेकडीवर का बसवला, त्या काळी रामटेकजवळ नगरधनला, म्हणजे नंदिवर्धनला, राजधानी होती त्याचा याच्याशी काय संबंध, आणि नगरधनच्या उत्खननात जिची मुद्रा मिळाली ती वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता यात कुठे येते. मूर्तिशास्त्राची पुस्तके त्यानंतर वाचली, तेव्हा ती पाठ करावी लागली नाहीत.

वैनगंगाकाठ

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. घरी बोलून मी असे ठरवले आहे की मानवशास्त्राच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, चार वर्षांची मुदत धरायची आणि परीक्षा शक्यतो जूनमध्ये द्यायच्या. सासूबाईंनी सीमेवरच्या दगडाच्या मानाची हकीकत स्वतःहून सांगायला सुरुवात केली. तो मान पूर्वी आमच्याच भाऊबंदांकडे होता आणि एका दुष्काळानंतर दुसऱ्या घराकडे गेला, हे मी लग्नानंतरच्या अठरा वर्षांत प्रथमच ऐकले.

रविवारी पांढरीवर जाऊन उभ्या कडेचे छायाचित्र घेतले. जमिनीपासून साधारण हातभर खाली राखेचा पट्टा आहे आणि त्याच्या खाली काळी-तांबडी खापरे आहेत. वर मात्र ती दिसत नाहीत. खापरांना हात लावला नाही. पण लहानपणी वेचलेले सात मणी आणि बांगडीचे तुकडे माझ्या आईच्या घरी एका डब्यात आहेत. ते कुठल्या थरातले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांचे काय करावे?

शिळावर्तुळ

ताई, ते फेकू नका आणि पांढरीवर नेऊन परतही ठेवू नका, कारण त्यामुळे पुढे तिथे काम करणाऱ्याची दिशाभूल होईल. 'पृष्ठभागावरून, थर अज्ञात' अशी चिठ्ठी, गावाचे नाव आणि साधारण वर्ष लिहून ते वेगळ्या पाकिटात ठेवा. आईंना विचारा, की कोणत्या बाजूने माती नेत असत. गाडीवाट कुठून जात होती, एवढे जरी आठवले तरी जागा बरीच नेमकी होते. छायाचित्रासोबत ही माहिती आणि मण्यांचे पाकीट विभागात दाखवायला न्या. लालसर, अर्धपारदर्शक मणी असतील तर ते अकीकाचे असू शकतील. माहूरझरी हे तसे मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते, त्यामुळे तुमच्या डब्यातल्या मण्यांवर छिद्र पाडण्याची पद्धत कशी आहे, हे विभागात भिंगाखाली पाहण्याचा आग्रह धरा. राखेचा पट्टा आणि त्याखालीच मिळणारी काळी-तांबडी खापरे, ही नोंद मात्र उत्तम आहे. पुढचा पाऊस ती कड धुऊन नेण्याआधी त्याच जागी, मोजपट्टी ठेवून, आणखी दोन ठिकाणची छायाचित्रे घ्या.