गिझर, नळ, वॉशिंग मशीन सगळीकडे क्षारांचा थर: सॉफ्टनर घ्यावा का? सल्ला हवा आहे

पागोळी:
नमस्कार. नवीन घरात राहायला आल्यापासून पाण्याने जीव मेटाकुटीला आणलाय. नळांच्या तोंडाशी पांढरी खर धरते, शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणीच येत नाही, काचेवरचे ठिपके कितीही घासले तरी जात नाहीत. टॉवेल वाळले की खरखरीत होतात. मला खरी काळजी गिझरची आहे. पाणी तापताना आतून कडकड आवाज येतो आणि तापायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो.

एका विक्रेत्याने टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवला आणि सगळ्या घराला सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवा म्हणाला. दुसरा म्हणतो, पाइपला चुंबक लावला की काम झालं. शेजारच्या काकूंच्या मते टाकीत तुरटी फिरवली की पुरे. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे पिण्याच्या पाण्यात काही गडबड नको. नक्की काय करू?

तिरीप:
विकत काही घेऊ नका, आधी कठीणपणा मोजा. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता पाहतं, म्हणजे विरघळलेले सगळे क्षार एकत्र, त्यात साधं मीठसुद्धा आलं. थर धरतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, त्यांचं प्रमाण म्हणजेच कठीणपणा, आणि त्यांचा वाटा त्या आकड्यावरून कळत नाही. टीडीएस सारखाच असलेल्या दोन घरांपैकी एका घरात गिझर चोंदेल आणि दुसऱ्यात वर्षानुवर्षं काही होणार नाही.

कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं. नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की पाणी लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. उत्तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतं. 60 पर्यंत मऊ, 120 पर्यंत मध्यम, 180 पर्यंत कठीण, त्यापुढे फारच कठीण. कुठे 'ग्रेन'मध्ये लिहिलेलं असेल तर 17.1 ने गुणा.

आणखी एक करा. तेच पाणी दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार करा, जेवढं आटलं तेवढं शुद्ध डिस्टिल्ड पाणी घालून पातळी पूर्ववत करा, गाळा आणि पुन्हा मोजा.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही. काकूंना तेवढं सांगा.

पागोळी:
मोजलं! नळाचं 340, उकळून गाळल्यावर 130. पातेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी बसली होती.

निरगाठ:
मग तुमच्या गिझरचं दुखणं स्पष्ट आहे. 340 मधला उकळल्यावर गेलेला 210 चा भाग बायकार्बोनेटचा, म्हणजे तात्पुरता कठीणपणा. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर, चिकटतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं वागणं नेमकं उलटं. म्हणून थंड पाण्याचे पाइप बरे राहतात आणि गिझर मार खातो.

थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तोच तो कडकड आवाज. कॉइलची उष्णता पाण्यात जाऊ शकत नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि शेवटी जळते.

आत्ता लगेच करायचं ते असं. गिझरचा मुख्य स्विच बंद, पाणी गार झाल्यावर टाकी रिकामी, आणि माहितगार माणसाकडून झाकण उघडून कॉइल साफ करून घ्या. तळातला गाळही काढायला सांगा. त्याच वेळी मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड बघायला लावा. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, संपला असेल तर बदला. हे काम करणारे बरेच जण तो रॉड बघतच नाहीत, आपणच आठवण करावी लागते.

थर्मोस्टॅट 75 अंशांवर असेल तर खाली आणा, कारण 60 च्या वर थर झपाट्याने धरतो. पण साठवणीच्या गिझरमध्ये फार खालीही नको. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. 60 च्या आसपास ठेवा आणि अंगावर घेताना थंड पाणी मिसळा.

उंबरठा:
नळ आणि शॉवरसाठी सायट्रिक ॲसिड. कोमट पाण्यात विरघळवून शॉवरची जाळी त्यात बुडवायची, नळाला भिजवलेलं फडकं गुंडाळून थोडा वेळ ठेवायचं, मग धुऊन टाकायचं. संगमरवरावर थेंबही पडू देऊ नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, तोही खरवडला जातो. बाथरूम धुवायचं कडक ॲसिड नळांना लावू नका, वरचा क्रोमचा मुलामा जातो. आणि कोणतंही आम्ल ब्लीचबरोबर कधीही, कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

कपड्यांना साबणाची वडी वापरत असाल तर थांबवा. साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका होतो, तो कपड्यातच बसतो. डिटर्जंटने हा त्रास बराच कमी होतो, फक्त पाकिटावर कठीण पाण्यासाठी दिलेलं प्रमाण पाळा. फॅब्रिक कंडिशनरने कापड मऊ लागतं, पाण्यात काही फरक पडत नाही.

पागोळी:
मनापासून आभार. सॉफ्टनरचं काय? आणि चुंबक?

तिरीप:
चुंबकाबद्दलच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मी तरी त्यावर भरवसा ठेवून गिझर सोडणार नाही.

सॉफ्टनर नक्की काम करतो. आतल्या रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करायचे. टीडीएस यात कमी होत नाही, त्यामुळे नंतर त्या मीटरवरून तो चालतो की नाही हे ठरवू नका.

सासूबाईंसाठी हिशोब महत्त्वाचा. दर 100 मिलिग्रॅम कठीणपणामागे लिटरभर पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. तुमचं 340 पूर्ण काढलं तर सुमारे 156. म्हणून स्वयंपाकघराचा थंड नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढा. पिण्याच्या पाण्यातल्या कठीणपणाला जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे तो नळ तसाच राहिला तरी चालेल. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरा असं कोणी सुचवलं तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर जादा पोटॅशियम धोक्याचं ठरतं.

निरगाठ:
माझं मत जरा वेगळं. सगळ्या घराला कशाला? गिझर आणि वॉशिंग मशीन, एवढ्या दोनच वाटांवर बसवा. पिण्याचा नळ आपोआप बाजूला राहतो, झाडांना सोडियम जात नाही (कुंडीतल्या मातीला ते वाईटच), आणि मीठही कमी लागतं.

आकार विक्रेत्यावर सोडू नका. समजा या दोन वाटांवर रोज 200 लिटर पाणी जातं. 200 गुणिले 340 मिलिग्रॅम म्हणजे 68 ग्रॅम. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम कठीणपणा धरतं, म्हणजे 10 लिटर रेझिन आठवडाभर पुरेल. पाण्यात लोह असेल तर आधी त्याचा फिल्टर हवा, नाहीतर रेझिन खराब होतं.

पागोळी:
दोन वाटांची कल्पना पटली. गिझरची लाइन भिंतीबाहेरून जाते, त्यामुळे फोडाफोडही लागणार नाही. बसवून घेताना कशावर लक्ष ठेवू?

निरगाठ:
बायपास व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पाणी बंद पडत नाही. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर नमुन्यासाठी एकेक छोटा कॉक ठेवून घ्या. थेंबांचं किट तुमच्याकडे आहेच. रेझिन धुवायच्या आदल्या दिवशी नंतरच्या कॉकचं पाणी मोजायचं. तेव्हा कठीणपणा दिसायला लागला तर धुण्यामधलं अंतर कमी करा.