पांढरी कानपाळी पाहून लेगहॉर्न ठरवणाऱ्यांनी जरा थांबावं

आर्वीची ताई
काल साकोलीकडच्या एका मुलीनं आपल्या काबऱ्या तलंगीचा, म्हणजे नुकती अंड्यावर आलेल्या कोंबडीचा, फोटो इथं टाकला. हातात तिचं अंडं, फिकट गुलाबीसर. प्रश्न एवढाच होता की हिच्यात कोणाकोणाचं रक्त असेल. पहिल्याच उत्तरात निकाल लागला: "कानपाळी पांढरी, अंडं फिकं, सरळ लेगहॉर्न क्रॉस. गावरान म्हणून विकू नका, अंडी उबवायला बसवू नका, बाजारात काढून टाका." खाली अंगठ्यांची रांग. आता ती पोरगी कोंबडी बाजारात न्यायला निघाली आहे, म्हणून लिहायला बसले.

लेगहॉर्न म्हणजे अंड्यांसाठी पाळतात ती परदेशी जात. फिकं अंडं हा तिचा पुरावा कसा काय झाला? लेगहॉर्नचं अंडं पांढरंशुभ्र असतं. आपल्या गावरान कोंबड्या साईच्या रंगापासून तपकिरीपर्यंत सगळ्या छटा देत आल्या आहेत, त्यात बाहेरचं रक्त असावंच लागत नाही. तपकिरी रंग काही एका जनुकावर ठरत नाही, आणि तो कवचावर चढतो अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत. तेव्हा कुत्रं मागे लागलं, मे महिन्यात चोच उघडी टाकून धापा टाकत असली, नाहीतर मानमोडीच्या रोगातून नुकती उठली असली, की अंडं फिकं पडतं. वय वाढलं तरी पडतं. माझ्या एका तांबडीचं हिवाळ्यातलं आणि मे महिन्यातलं अंडं शेजारी ठेवलं तर घरचेसुद्धा दोन कोंबड्यांची म्हणतात.

कानपाळीचंही तसंच. तांबड्या रानकोंबड्यातही पांढरी कानपाळी असते, त्याला कोणी लेगहॉर्न म्हणत नाही. आणि बलक केशरी म्हणून गावरान म्हणणाऱ्यांनी कोंबडीला मका आणि हिरवा पाला घालून पाहावा. कोणत्याही जातीचा बलक केशरी होतो.

रक्त ओळखायचंच असेल तर तिची एक पूर्ण फेरी पाहा. किती अंड्यांवर खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, अंगणात चरते की टोपल्याजवळ उभी राहते, घार दिसली की काय करते. फोटोवरून निकाल देऊ नका.

जुना खुराडा, दारव्हा
ते उत्तर माझंच. ताई, तुमी लिहिता चांगलं, पण माझं सारं आयुष्य कोंबड्यांत गेलं. नजर असते माणसाले. तुरा एका बाजूले लोळलेला, अंग सडपातळ, शेपूट उभी, कानपाळी पांढरी, हे सारं एकाच कोंबडीत दिसलं तर आणखी काय पाहाचं? डाक्टर रक्त काढून सांगन काय? अन् माझ्या इथं अशाच एका क्रॉसची अंडी बसवली होती. पिल्लं मोठी झाली, एकही तलंग खुडूक बसली नाही. पुढच्या वर्षी अंडी उबवाले कोंबडीच नाही! शेजाऱ्याची मांगून आणा लागली. म्हणून सांगतो, नोको बसवू.

आर्वीची ताई
काका, तुम्ही आता चार खुणा सांगितल्या. काल दोनच सांगितल्या होत्या, आणि त्या फोटोत तुरा अर्धाच दिसतो.

पशुवैद्यकचा विद्यार्थी, नागपूर
दोघांच्या मधे पडतो. काही खुणा खरंच बोलतात, काही नाही. मान बोडकी आणि पुढच्या बाजूला पिसांचा एक झुपका राहिलेला, तर बोडक्या मानेचं जनुक आई किंवा बाप, एकाकडूनच आलंय. दोघांकडूनही आलं असतं तर मान जवळपास पूर्ण उघडी राहिली असती. तुरा बसका, तीन उभ्या ओळींचा, तर असील या झुंजीच्या जातीचा संशय घ्यायला जागा आहे. कातडी, जीभ काळसर, तर कडकनाथ कुठंतरी आलाय.

आणि ही कोंबडी काबरी आहे ना? ठिपके असतील तर त्यावरून काही सांगता येत नाही. पण ते धुरकट आडवे पट्टे असतील, प्लायमाउथ रॉक जातीसारखे, तर ते तिला बापाकडूनच आलेत. पट्ट्याचं ते जनुक लिंगगुणसूत्रावर असतं आणि मादीला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. आई कितीही पट्टेरी असली तरी लेकीला पट्टे देऊ शकत नाही, फक्त लेकाला देते. म्हणजे शोध बापाचा घ्या.

अंडीवाला, अकोला
तुमचं जनुकाचं चालू द्या, पण बाजारात काय चाललंय ते बोला. रंग पाहून गावरान म्हणायची सवय याच लोकांनी लावली, आणि त्याच्यावर धंदा करणारे मोकाट सुटलेत. पिंजऱ्यातल्या संकरित तपकिरी कोंबडीचं अंडं, त्याच्यावर थोडं शेण आणि तनस लावायचं, टोपलीत कोंड्यात ठेवायचं, झालं गावरान. दुप्पट भाव. मागं एकानं मला चहाच्या पाण्यात बुडवलेली पांढरी अंडी दिली. लिंबू घासलं तर रंग बोटाला आला. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेमधलं एक अंडं लिंबानं घासतो. रंग निघाला की ट्रे परत.

धानकरी, लाखांदूर
बरोबर! लिंबानं रंग निघाला म्हणजे डुप्लिकेट. आमच्याकडं पण हीच परीक्षा.

पशुवैद्यकचा विद्यार्थी, नागपूर
थांबा. खऱ्या तपकिरी अंड्याचा रंगही लिंबानं निघतो. तो रंग कवचाच्या बाहेरच्या थरातच असतो, आतून कवच पांढरंच. आम्ल लागलं की वरचा थर विरघळतो आणि रंग बोटावर येतो. घरच्या अंड्यावर करून पाहा.

अंडीवाला, अकोला
म्हणजे मी इतके दिवस लोकांची चांगली अंडी परत केली असं म्हणायचंय का? कॉलेजात बसून सांगणं सोपं आहे. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर ओरडतं, तुमच्या नाही.

भिवापूरची सूनबाई
भाऊ, रागावू नका, पण एका व्यापाऱ्यानं माझी अंडी याच कारणानं नाकारली. माझ्या डोळ्यांदेखत घासली आणि चारचौघांत म्हणाला, "बाई, रंग लावून आणता." ती अंडी सकाळी मीच खुराड्यातून काढली होती. एक तर इतकं ताजं होतं की ओलं असतानाच हात लागून त्याच्यावर बोटाचा फिका डाग पडला होता. त्या डागाकडे बोट दाखवून मला चोर ठरवलं. तिथं कोणाला समजावणार? टोपली उचलली आणि घरी आले. आता अंगणवाडीच्या बाया घरूनच नेतात, भाव कमी मिळतो पण मान जात नाही.

अंडीवाला, अकोला
तो मी नाही.

भिवापूरची सूनबाई
तुम्ही नाही हे मला ठाऊक आहे. पण परीक्षा तुमचीच आहे.

धानकरी, लाखांदूर
मग ओळखायचं कसं ते तरी सांगा! नुसतं हे चूक ते चूक. माणूस पैसे मोजतो.

आर्वीची ताई
अंड्याकडं पाहून नाही ओळखता येत, हेच तर सकाळपासून सांगते आहे. ज्याच्या अंगणात कोंबड्या फिरताना पाहिल्या त्याच्याकडून घ्या. एकसारख्या रंगाची, एका मापाची ट्रे भरून अंडी रोज मिळत असतील तर ती परसातली नसणार. परसातल्या कोंबड्या वर्षाला साठ-सत्तर अंडी देतात, त्यातही फेऱ्या, मधे खुडूक.

जुना खुराडा, दारव्हा
हे मात्र खरं बोलल्या. पण मग माझी गोष्ट घ्या ना. खुडूक न बसणारी कोंबडी गरिबाच्या काय कामाची? त्याले काय उबवणी यंत्र आहे? मी त्या पोरीचं नुकसान नोको म्हणून सांगितलं.

आर्वीची ताई
हेतूबद्दल मी बोललेच नाही, काका. पण लेगहॉर्नचं रक्त असेल तर ती खुडूक बसणार नाही ही भीती आहे, आणि ती बसते की नाही हे कळायच्या आधीच तुम्ही तिला विकायला लावता. अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. विकलेली कोंबडी परत येत नाही.

साकोलीची पोरगी
मीच ती. एवढं होईल वाटलं नव्हतं. विद्यार्थीदादा, पट्टे आडवेच आहेत, उजेडात नीट पाहिले. आईचं पाहिलं तर ती सगळी तांबडी, एकसारखी. आमच्याकडं कोंबडा नाही. पण शेजारच्या काकूंना योजनेत गिरिराजा जातीची पिल्लं मिळाली होती, त्यातला एक राखाडी पट्ट्यांचा कोंबडा आमच्या अंगणात यायचा. पण ही अंड्यातून निघाली त्याच्या दहा-बारा दिवस आधीच काकूंनी त्याला कापला होता, म्हणून तो बाप असेल असं मनात आलं नाही.

पशुवैद्यकचा विद्यार्थी, नागपूर
आलंच पाहिजे. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे कोंबडा गेला तरी अंडी फळतात. शिवाय उबवायला एकवीस दिवस लागतात, म्हणजे अंडी घातली तेव्हा तर तो जिवंतच होता. गिरिराजा बंगळुरूला तयार झालेली, रंगीत, अंगानं भरलेली, तपकिरी अंड्याची. कानपाळी मात्र कुठून आली ते यावरून नाही सांगता येत.

जुना खुराडा, दारव्हा
म्हणजे कानपाळीचं माझं अजून उभंच आहे. ठेव मग कोंबडी, नोको विकू. पण खुडूक नाही बसली तर इथं येऊन लिही, लपवू नोको. अन् पिल्लं निघाली तर पायाचा फोटो टाक, पिवळे आहेत का काळे ते मले पाहाचं आहे.

साकोलीची पोरगी
टाकते काका. आता अकरा अंडी झाली. कालपासून टोपल्यात जास्त वेळ बसून राहते, हात घातला की पिसं फुलवते.

आर्वीची ताई
मग दोन दिवस तिथली अंडी उचलू नकोस.